हात वर केले की लवकर का भरून येतात? व्यायामातली शरीराची स्थिती आणि स्नायूंना मिळणारं रक्त

फिजिओ_अनघा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दादरला प्रॅक्टिस करते. पेशंटशी बोलताना एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा समोर येतो. चौपाटीवर रोज तासभर झपाझप चालणाऱ्या बाई म्हणतात, पाय अजिबात कुरकुरत नाहीत, पण पडदे लावायला स्टुलावर चढून हात वर केले की दोन मिनिटांत खांदे भरून येतात. विरारहून येणारा मुलगा सांगतो, जिममध्ये भरपूर वजन उचलतो, पण लोकलमध्ये वरची कडी धरून अंधेरीपर्यंत आलं की हाताचा जीव जातो. यावर 'हाताचे स्नायू लहान असतात' एवढं सांगून विषय संपवला जातो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं रक्तपुरवठ्याचं आहे आणि त्यावर मराठीत फारसं सविस्तर वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

विश्रांतीत आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं १५ ते २० टक्के अंगातल्या सगळ्या स्नायूंच्या वाट्याला येतं. जोरदार व्यायामात हेच हृदय मिनिटाला २० लिटर किंवा त्याहून जास्त ढकलतं आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास रक्त राबणाऱ्या स्नायूंकडे वळतं. ही वाट स्नायू स्वतःच मोकळी करून घेतो. काम सुरू झालं की त्याच्यातल्या बारीक धमन्या रुंदावतात. पण वाट कितीही रुंद झाली तरी रक्त पुढे सरकायला मागून दाब लागतो, आणि तो दाब हात-पाय हृदयाच्या वर आहेत की खाली यावर बदलतो.

हिशोब असा. रक्ताच्या दर १३ सेंटिमीटर उंचीमागे दाबात १० मिमी पाऱ्याचा फरक पडतो. रक्तदाब १२०/८० असेल तर हृदयाच्या पातळीला धमनीतला सरासरी दाब ९३ च्या आसपास. माणूस ताठ उभा असताना घोटा हृदयाच्या सव्वा मीटरभर खाली असतो. तिथे या ९३ मध्ये आणखी सुमारे ९० ची भर पडते. तोच माणूस हात सरळ डोक्यावर ताणतो तेव्हा मनगट हृदयापासून ५०-६० सेंटिमीटर वर जातं आणि तिथला दाब ५० च्या घरात येतो. हृदय तेच, ठोके तेच, पण घोट्याला १८० आणि मनगटाला ५०.

खोटं वाटत असेल तर आत्ता करून पाहा. एक हात मांडीच्या बाजूला अर्धा मिनिट लोंबता सोडा. पंजाच्या मागच्या शिरा टरारून वर येतील. आता हात न वाकवता हळूहळू वर न्या आणि नजर त्या शिरांवरच ठेवा. पंजा छातीच्या वरच्या भागाशी आला की त्या एकाएकी मावळतात, कातडी सपाट होते, कधीकधी शिरेच्या जागी बारीकशी खाच दिसते. ज्या उंचीला हे होतं ती तुमच्या हृदयाच्या जवळची पातळी. पुढे सगळं समजायला हे डोळ्यांनी पाहिलेलं फार उपयोगी पडतं, म्हणून आळस करू नका.

व्यायामात शरीराची स्थिती बघताना मी दोनच गोष्टी विचारते. राबणारा स्नायू हृदयाच्या वर आहे की खाली? आणि तो आवळतो-सुटतो आहे, की नुसता आवळून धरलेला आहे? बाकीचं पुढे चर्चेत बोलूच.

रेवा_माहीम

छान धागा! शिरांचा प्रयोग केला, सासूबाईंनाही करायला लावला. त्यांच्या शिरा इतक्या ठळक आहेत की मावळताना अगदी स्पष्ट दिसलं. एक शंका. लोकलमध्ये कडी धरून हाताला मुंग्या येतात, त्याही रक्त कमी पडल्यामुळेच का?

फिजिओ_अनघा

रेवाताई, मुंग्या बहुतेक वेळा नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दाबली गेल्यामुळे येतात. मान आणि खांद्याच्या मधून, गळपट्टीच्या हाडाखालून हाताच्या नसा जातात आणि हात बराच वेळ वर राहिला की काहींच्या तिथे त्या दबतात. भरून येणं, जळजळणं, मूठ ढिली पडणं ही स्नायूची तक्रार. मुंग्या आणि बधिरपणा ही नसेची. हात खाली घेतल्यावरही मुंग्या टिकत असतील किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल तर दाखवून घ्या.

जलविद्युत

लेख आवडला, पण इंजिनियर म्हणून एक मुद्दा पटत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याला जोरात येतं आणि सातव्या मजल्याला करंगळीएवढं, हे बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पण तिथे नळ उघडा असतो, पाणी बाहेर पडून जातं. रक्ताभिसरण बंद चक्र आहे. पायाच्या धमनीत ९० ची भर पडते, तशी पायाच्या शिरेतही तेवढीच पडणार. दोन्हीकडे सारखीच भर पडली तर फरक तोच राहिला, आणि प्रवाह फरकावर ठरतो. हातालाही हेच लागू. वर जाताना धमनीत जेवढा दाब गेला तेवढाच शिरेतही जाईल. मग उंचीचा परिणाम शून्य यायला हवा. चूक कुठे होतेय?

फिजिओ_अनघा

जलविद्युत, याच प्रश्नाची वाट बघत होते. तुमचं गणित बिनचूक आहे. नळ्या लोखंडी असत्या तर उत्तर शून्यच आलं असतं. पण शिरा मऊ असतात आणि हातापायांतल्या शिरांत झडपा असतात. सगळी गोम तिथेच आहे.

आधी पाय घ्या. माणूस निश्चल उभा आहे. घोट्याजवळ धमनीत १८३ आणि शिरेत ९० च्या आसपास. फरक ९३, म्हणजे अगदी तुम्ही म्हणता तसं, आडवं असताना होता तेवढाच. आता तो चालायला लागतो. पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, त्यांतलं रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल होते तेव्हा ते रक्त परत खाली यायला बघतं, पण झडपा मिटतात. आता शिरेत वरपर्यंत सलग रक्ताचा स्तंभ राहिलेलाच नाही, ती जवळपास रिकामी आहे. मोजून पाहिलं तर निश्चल उभं असताना पावलाच्या शिरेत जो ९० दाब असतो तो काही पावलं टाकताच २० ते ३० पर्यंत उतरतो. धमनीत मात्र झडपा नाहीत, तिथले १८३ तसेच. आता फरक करा. दीडशेच्या पुढे गेला! उंचीमुळे मिळालेली भर धमनीकडे राहिली आणि शिरेकडची स्नायूने काढून टाकली.

आता हात डोक्यावर. धमनीत ५०. तुमच्या हिशोबाने शिरेत उणे ४० व्हायला हवं, म्हणजे फरक पुन्हा ९० च्या आसपास. पण मऊ शिरेत उणे दाब टिकत नाही. बाहेरच्या हवेने ती चपटी होते, आणि पंजाच्या मागे शिरा मावळताना दिसल्या त्या याचमुळे. शिरेतला दाब शून्याच्या आसपास अडकतो. फरक उरला ५० चा. म्हणजे हृदयाच्या वर शिरा भरपाई करत नाहीत आणि हृदयाच्या खाली स्नायू हललाच तर उलट फायदा होतो. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम दोन्हीकडे सारखा नाही, आणि हाताला एक नियम, पायाला दुसरा असं वाटतं ते यामुळे.

स्वीडनच्या ब्यर्न फोल्कोव आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पोटरीच्या जोरदार लयबद्ध व्यायामात रक्तप्रवाह मोजला होता. आडव्यापेक्षा उभ्या स्थितीत तो चांगलाच जास्त भरला. शरीरक्रियाशास्त्रज्ञांत एक वाद मात्र अजून आहे. व्यायामाच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत प्रवाह एकदम उसळतो, तो या पिळण्यामुळे किती आणि बारीक धमन्या झटकन रुंदावल्यामुळे किती. दोन्ही होतं, वाटा किती यावर मतं वेगळी आहेत.

जलविद्युत

उणे दाबाला नळी चपटी होते! पंपाच्या सक्शनला पातळ रबरी पाइप लावला तर तो असाच चिकटतो. पटलं. धन्यवाद.

सह्यकडा

प्रस्तरारोहण करणाऱ्या आम्हा लोकांना हे शरीराने माहीत असतं, कारण आज कळलं. चढताना हात सतत डोक्याच्या वर, बोटांनी खडकाची खाच पकडलेली. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा टणक होतो आणि मग बोटं उघडायला लागतात, इच्छा असो वा नसो. आमचे शिकवणारे दादा ओरडतात, 'एक हात सोड, खाली झटक!' बरी जागा मिळाली की एकेक हात पार मांडीपर्यंत खाली सोडायचा, सैल झटकायचा, मग दुसरा. काही नवशिके डोक्याच्या उंचीलाच पंजा झटकतात आणि म्हणतात फरक पडत नाही.

फिजिओ_अनघा

अगदी बरोबर, आणि यात माझे दोन्ही प्रश्न आले. हात वर आहे म्हणून दाब कमी, आणि पकड सलग आहे म्हणून उरलेला प्रवाहही चेपला जातो. स्नायू आवळलेला असताना त्याच्या आतला दाब वाढतो आणि रक्तवाहिन्या दबतात. साध्या हलक्या पकडीतही थोडा अडथळा होतो, आणि पूर्ण ताकदीच्या निम्म्याच्या वर गेलात की बऱ्याच स्नायूंत प्रवाह जवळपास थांबतोच. स्नायू सुटेल तेव्हाच त्याला रक्त मिळणार. म्हणून मूठ सैल करणं आणि हात हृदयाच्या खाली नेणं, दोन्ही हवं.

याचा नीट मोजलेला पुरावा आहे. सिडनीच्या संशोधकांनी १९९६ मध्ये अंगठ्याच्या एका छोट्या स्नायूवर प्रयोग केला होता. त्यांनी नसेला विजेचे झटके देऊन स्नायू आवळवला, म्हणजे माणसाची इच्छा, चिकाटी, कंटाळा यांचा संबंधच ठेवला नाही. राबणारा हात हृदयाच्या वर नेला की स्नायूचा जोर घटायचा, खाली आणला की परत यायचा.

वाडीबंदरकर

आमचे वडील रंगकाम करायचे. छताचं काम असलं की म्हणायचे, भिंतीचं दुप्पट घ्या पण छत नको. घरी आल्यावर त्यांची छाती धडधडायची, नुसते हात दुखायचे नाहीत. त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

फिजिओ_अनघा

दादा, आहे आणि थेट आहे. १९६८ मध्ये स्वीडनला इर्मा ऑस्ट्रँड, गुहाराय आणि वाहरेन यांनी लोकांना वेगवेगळ्या उंचीवर हातोडीने खिळे ठोकायला लावले. छताला ठोकताना नाडी आणि रक्तदाब खालच्या उंचीवर ठोकण्यापेक्षा जास्त वर गेले. रक्ताची ओढाताण झालेला स्नायू गप्प बसत नाही. त्याच्यात साठलेली द्रव्यं तिथल्या नसांना चेतवतात, मेंदूला निरोप जातो आणि मेंदू संबंध शरीराचा रक्तदाब वाढवतो, जेणेकरून त्या उपाशी स्नायूपर्यंत काहीतरी पोहोचावं.

हा निरोप पहिल्यांदा दाखवला तो आलम आणि स्मर्क या दोघांनी, १९३७ मध्ये. व्यायाम संपताना अवयवाला पट्टा आवळून त्यांनी स्नायूतलं रक्त तिथेच अडकवून ठेवलं. माणूस स्वस्थ पडून होता, तरी पट्टा सोडेपर्यंत रक्तदाब पूर्ण खाली आला नाही.

म्हणून हृदयविकाराच्या पेशंटला मी जिना हळू चढायला परवानगी दिलेली असते, पण माळा आवरायला आणि पंखे पुसायला मना करते. घरचे म्हणतात, एवढंसं तर काम. एवढंसं नसतं ते. तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं हे केलं, त्यांच्या कष्टांना खरोखर नमस्कार. डोक्यावर डब्यांची पाटी आणि ती सावरायला वर धरलेला हात, असे दुपारी चर्चगेटला उतरणारे डबेवाले दिसले की मला हेच आठवतं.

पहाटवारा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला दरवर्षी बघतो. लोक पेडर रोडचा चढ मारून, सगळं अंतर धडधाकट संपवून येतात आणि रेषा ओलांडून उभे राहिले की मगच कोसळतात. धावताना काही नाही, थांबल्यावर! स्वयंसेवक 'चालत राहा, चालत राहा' म्हणत असतात. हे त्या पोटरीचंच ना?

फिजिओ_अनघा

पोटरीचंच, मांडीचंही. शेवटच्या किलोमीटरला पायांतल्या धमन्या सताड उघड्या असतात. शिवाय मुंबईची दमट हवा, जानेवारीतही नऊ वाजले की घामाच्या धारा. अंग गार ठेवायला कातडीकडेही भरपूर रक्त वळलेलं असतं आणि घामाने एकूण रक्त थोडं आटलेलं असतं. हे सगळं खाली गेलेलं रक्त परत वर आणत असतात धावणारे पाय. तुम्ही रेषेवर खांब होऊन उभे राहिलात की परतीची वाट एका क्षणात बंद, आणि धमन्या मात्र लगेच आकसत नाहीत. रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी येतं, मेंदूला कमी जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते.

म्हणून चालत राहायचं, निदान टाचा उचलत राहायच्या. कुणी पडलंच तर त्याला उचलून उभं करायचं नाही. लोक हमखास हेच करतात, दोघं बगलेत धरून उभं करतात, आणि नेमकं तेच घातक. आडवं करा, पाय वर घ्या. मिनिटा-दोन मिनिटांत माणूस बोलायला लागतो. नाही लागला, बरळायला लागला, अंग तापलेलं असलं किंवा धावता धावताच पडला असला तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे क्षण न दवडता वैद्यकीय पथक.

निळीसावली

वाचतेय, खूप नवीन कळतंय. मी शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावात पोहते. घड्याळात पोहताना नाडी धावण्यापेक्षा कमी दिसते, दम मात्र तेवढाच लागतो. घड्याळ पाण्यात चुकतं का?

फिजिओ_अनघा

मनगटावरची घड्याळं पाण्यात थोडी गडबडतात, पण हा फरक खरा आहे. पोहताना तुम्ही आडव्या असता आणि पाण्याचा दाब पायांतलं, पोटातलं रक्त छातीकडे लोटतो. हृदय दर ठोक्याला जास्त भरतं, जास्त ढकलतं, मग ठोके कमी लागतात. पोहण्यातली कमाल नाडी धावण्यापेक्षा साधारण १० ने कमी धरतात. धावण्याचे नाडीचे टप्पे तसेच पोहायला लावले तर उगाच जास्त रेटलं जातं.

स्वरा_आणि_आई

माझी मुलगी दोरीचा मल्लखांब शिकते, आता पुरलेल्या मल्लखांबावरही घेतात. अढी मारताना ती उलटी होते, चेहरा लालबुंद होतो. सर म्हणतात काळजी नको. मला मात्र बघवत नाही. शिवाय ती म्हणते, उलटं असताना पायाची पकड लवकर सुटते. हे इथे चर्चिलेल्या गोष्टीत बसतं का?

फिजिओ_अनघा

किती सुंदर प्रश्न! मल्लखांब या शहरात ज्या निष्ठेने टिकवला गेला त्याला तोड नाही. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही दादरकर फार आनंदलो होतो.

तर अढी. हातांनी खांब धरून पाय डोक्यावरून वर नेऊन मांड्यांची, पोटऱ्यांची आवळ खांबाला बसते. आता पाय हृदयाच्या वर आहेत, म्हणजे एरवी जे पाय आपल्या स्थितीत सगळ्यात श्रीमंत असतात ते एकाएकी गरीब झाले. त्यात पकड म्हणजे सलग आवळ. दोन्ही गोष्टी विरुद्ध गेल्या. त्यामुळे स्वरा म्हणते ते अगदी खरं आहे, पकड लवकर थकते. म्हणूनच चांगले शिक्षक उलट्या स्थितीत मुलांना ताटकळत ठेवत नाहीत. एक पकड, झटक्याने पुढची, मध्ये खाली उतरणं, पाय मोकळे करणं. ही शिस्त अनुभवातून आलेली आहे आणि शास्त्राला धरून आहे.

चेहरा लाल होण्याचं म्हणाल तर निरोगी मुलांच्या बाबतीत काळजी नको. मानेतल्या धमनीत दाब ओळखणारी जागा आहे, डोकं खाली गेलं की ती लगेच हृदयाचे ठोके कमी करायला लावते. उतरल्यावर एकदम ताठ उभं न राहता क्षणभर ओणवं राहू दे. मोठ्यांचं मात्र वेगळं. काचबिंदू, न आवरलेला रक्तदाब किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी शीर्षासनाच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. उलटं झालं की डोळ्यातला दाब वाढतो.

स्वरा_आणि_आई

मनापासून आभार. तिला वाचून दाखवलं. 'मी सांगितलं होतं ना' असं चेहऱ्यावर होतं.

कुर्ला_पूर्व

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये दोन सायकली आहेत. एक नेहमीची, एक मागे रेलून पाय पुढे टाकून मारायची. बाबा (७१ वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू) रेलायची वापरतात. पाठीला बरं वाटतं, पण म्हणतात मांड्या लवकर भरतात. नेहमीची घ्यावी का?

फिजिओ_अनघा

रेलून बसलं की पाय जवळपास हृदयाच्या पातळीला येतात. हृदयाला रक्त परत मिळणं सोपं होतं, म्हणून नाडी शांत राहते. पण मांडीला उंचीचा जो फायदा मिळाला असता तो जातो. कललेल्या टेबलावर केलेल्या प्रयोगांतही आडव्यापेक्षा उभ्याकडे कललेल्या स्थितीत पोटरी जास्त वेळ तग धरते, विशेषतः जोर जास्त असताना. हलक्या वेगात हा फरक जाणवणारही नाही.

बाबांना पाठीला बरं वाटतंय तर रेलायचीच राहू दे, जोर एक खूण कमी करा आणि वेळ वाढवा. उतरताना पाच मिनिटं हळू पायडल, मग दोन मिनिटं बसून, मग उभं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर असलेल्यांना आडव्याचं एकदम उभं झालं की चक्कर येते, ते सांभाळा.

रेवा_माहीम

रक्तदाबावरून आठवलं. घरच्या मशीनवर सासूबाईंचा आकडा कधी १३२, कधी १४४. हात कुठे ठेवायचा याचाही फरक पडत असेल ना, तुमच्या १३ सेंटिमीटरच्या हिशोबाने?

फिजिओ_अनघा

पडतो! २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हेच तपासलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी सुमारे ४ ने जास्त आला, बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाच्या आसपास. एवढ्या फरकात माणसाला गोळी सुरू होऊ शकते. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पाय एकावर एक नाहीत, हात टेबलावर असा की दंडाचा पट्टा छातीच्या मध्याशी येईल. पाच मिनिटं गप्प बसून मग बटण. मनगटाच्या मशीनला तर हात कुठे आहे त्यावरच सगळं अवलंबून.

पहाटवारा

अवांतर होईल, पण भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसायचा व्यायाम रक्तदाबाला चांगला असं सगळीकडे फिरतंय. तुम्ही तर म्हणता आवळून धरलं की दाब वाढतो.

फिजिओ_अनघा

अवांतर नाही. दोन्ही खरं आहे. करताना दाब वाढतो, काही आठवडे नियमित केलं की विश्रांतीतला दाब उतरतो. २०२३ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेल्या अभ्यासात या प्रकारच्या व्यायामाचा परिणाम सगळ्यात चांगला दिसला होता. पण करताना श्वास रोखायचा नाही, मोठ्याने आकडे मोजत राहायचं, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. ज्यांचा दाब मुळातच हाताबाहेर आहे त्यांनी आधी तो औषधाने ताब्यात आणावा, मग भिंत.

शल्यक

रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक होतो, आता निवृत्त. अनघाताईंनी फार चांगलं मांडलंय. एक भर घालतो, कारण हेच तत्त्व आम्ही आजाराचं लक्षण म्हणून वापरतो.

पायाची धमनी आतून चिंचोळी झालेला माणूस चालताना ठरावीक अंतरावर थांबतो, पोटरीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, पुन्हा तेवढ्याच अंतरावर येतो. धमनी अरुंद असल्याने राबणाऱ्या स्नायूला वाढीव रक्त पोहोचत नाही. आजार वाढला की रात्री आडवं पडल्यावर पावलात ठणका सुरू होतो. आडवं झालं की उंचीचा ९० चा आधार गेला ना. मग तो माणूस नकळत पाय पलंगावरून खाली सोडून झोपतो, नाहीतर खुर्चीत बसून रात्र काढतो, आणि त्याला खरंच बरं वाटतं. तपासताना आम्ही पाय वर उचलतो, पाऊल पांढरंफटक पडतं, खाली सोडलं की काळपट लाल होतं. बिडी-सिगारेट, तंबाखू, मधुमेह असलेल्यांत हे जास्त. घरचे 'वात आहे' म्हणून तेल चोळत राहतात आणि आमच्याकडे येतात तेव्हा बोट काळं पडलेलं असतं. या एका गोष्टीने मी कारकिर्दीत फार अस्वस्थ झालो आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वाडीबंदरकर

डॉक्टर, वाचून थबकलो. आमचे मोठे काका लालबागला राहतात, मधुमेह आहे, बिडी आता सोडली. गेले काही महिने एक पाय पलंगाखाली सोडूनच झोपतात. आम्हाला वाटायचं उकडतं म्हणून. चालताना मार्केटपर्यंतही दोनदा थांबतात.

शल्यक

दादा, वाट बघू नका. याच आठवड्यात दाखवा. जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या किंवा साध्या शस्त्रक्रियेच्या ओपीडीत चालेल. तिथे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढायला सांगा, त्यासाठी आडवंच झोपवतात. ०.९ च्या खाली आलं तर धमनी अरुंद असल्याचं धरतात. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा जास्त येऊ शकतो, म्हणून डॉपलर सोनोग्राफीही करून घ्या. तोवर पाय शेकू नका, घट्ट मोजे नकोत, अनवाणी चालू देऊ नका आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा. जखम किंवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.

वाडीबंदरकर

गुरुवारी भाऊ सुट्टी घेतोय, सकाळीच नेतो. रिपोर्ट आले की इथेच लिहीन.